नऊ नंबरचा उजवा पाय

टिग वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडत नाहीत. निळसर पांढरा प्रकाश, गॅसची बारीक फुसफुस आणि मशीनची घरघर, बस्स. म्हणून कारखान्यातल्या लोकांनी त्या बाईचं नाव ठिणगी ठेवलं होतं. मशीनमधून ज्या उडत नाहीत त्या हिच्या तोंडातून उडतात, असं त्यांचं म्हणणं. हे नाव पाठीमागे घ्यायचं, तोंडावर ताई म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मनातून आवडायचंही.

चिडायला तिला निमित्त लागायचं नाही, पण निमित्तांची ददातही नव्हती. पत्र्याची शेड, माथ्यावर ऊन आणि पंखा लावायची सोय नाही. पंखा होता, पण अ‍ॅल्युमिनियमच्या टेबलापाशी तो लावला की आरगॉन गॅस वाऱ्यावर जातो, जोडाला हवा लागते आणि तो काळा पडतो. तेव्हा जाड कपडे, हातमोजे आणि हेल्मेट घालून शिजत बसायचं, आणि घामाचा थेंब कामावर पडू द्यायचा नाही. तिथे ट्रकच्या डिझेल टाक्या बनायच्या. टाकीच्या तोंडाला जी जाड कडी असते, जिच्यावर झाकण फिरतं, ती टाकीला गोल जोडून द्यायची हे हिचं काम. कडी जाड, पत्रा पातळ. उष्णता जरा जास्त झाली की पत्र्याला भोक, जरा कमी झाली की कडी दाद देत नाही.

त्यात अ‍ॅल्युमिनियम हा लबाड धातू. वरून चकचकीत दिसतो, पण त्याच्यावर न दिसणारी साय धरलेली असते, आणि आतल्या धातूचं पाणी झालं तरी ती साय वितळत नाही. ती आधी घासून काढावी लागते. त्यासाठी तिचा स्टेनलेसच्या तारांचा एक ब्रश होता. तो कोणी एकदा जरी लोखंडावर घासला तरी कामातून गेला. तिने सगळ्या शेडला बजावून ठेवलं होतं की हा ब्रश आणि माझा दातांचा ब्रश, दोन्हींना कोणी हात लावायचा नाही. एकाने एकदा लावला होता. त्याला पुढे महिनाभर तिच्या टेबलावरून जायला नको वाटायचं, तो लांबून वळसा घालून पाणी प्यायला जायचा.

तिच्या वडिलांचं गेट-ग्रिल बनवायचं दुकान होतं. काम शिकवायला घेतलं होतं तिच्या भावाला. भावाने चार दिवसांत डोळे चोळत पळ काढला आणि पोरीने न विचारता त्याचं हेल्मेट उचललं. वडील आधी ओरडले, मग गप्प बसले, मग गिऱ्हाइकांना जोड दाखवून विचारू लागले, सांगा बघू कोणी केलाय. त्यांच्याकडे मशीन म्हणाल तर भंगारातून आणलेलं. पण ते म्हणायचे, रडणारा हत्यार बघतो, कारागीर हात बघतो. आणि त्यावर कडी म्हणून ती म्हण: नाचता येईना, अंगण वाकडं. लग्न होऊन ती सासरी आली तेव्हा बाकी काही आणलं नसेल, पण ही म्हण घेऊन आली.

कारखान्याच्या मालकाला ही म्हण तिच्याहूनही प्रिय होती, कारण ती फुकट होती. गॅसची नळी बदला म्हटलं की म्हण. मशीन जुनं झालं म्हटलं की म्हण, आणि वर ठिणगीकडे बोट. ती बघा ताई, त्याच मशीनवर बसते, काही म्हणते का? ती कसली म्हणतेय. ती मान ताठ करून बसायची. प्रत्येक वेल्डरने आपल्या जोडाशेजारी आपला नंबर पंचाने ठोकायचा अशी तिथली पद्धत होती. तिचा नंबर नऊ. टाकी तयार झाली की तिच्यात हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचे. बुडबुडा आला की टाकी नापास. अकरा वर्षांत नऊ नंबरच्या जोडाला एकदाही बुडबुडा आला नव्हता. या गोष्टीचा तिला काय माज होता म्हणून सांगू.

मग कामं वाढली, दुसरी पाळी सुरू झाली, आणि त्याच टेबलावर, त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला एक नवा माणूस आला. नवा म्हणजे वयाने बावन्न. बसच्या बॉडी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेला. तो कारखाना बंद पडला म्हणून इथे आलेला. सगळे त्याला बसवाले म्हणायचे. अंगाने किरकोळ, बोलणं हळू, चहा पिऊन झाला की कप धुऊन जागेवर ठेवणारा. ठिणगीला असली माणसं बघूनच चीड यायची. एवढं मऊ वागून आजवर कोणाचं भलं झालंय, असं ती म्हणायची. त्याला नंबर मिळाला चौदा.

नव्या माणसाला आधी दिवसाला एखादीच टाकी मिळायची. पहिल्या आठवड्यात चौदा नंबरच्या पाचही टाक्यांना बुडबुडे आले. दुसऱ्या आठवड्यात सहा, तिसऱ्यात सात. प्रत्येक वेळी एकाच जागी: गोल जोड फिरून जिथे संपतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढी भेग आणि भोवती काळं. बाकीचा सगळा जोड वेणी घातल्यासारखा एकसारखा. ठिणगीने ते पाहिलं होतं. शेवटची बोटभर जागा सोडली तर तो जोड तिच्या जोडाहून देखणा होता, आणि हे तिच्या लक्षात आलं होतं म्हणूनच ती जास्त चिडली. चांगलं येतंय तर शेवटी माती का खातो हा माणूस?

पाळी बदलताना तिने त्याला शिकवलंही. ब्रश कसा एकाच दिशेने मारायचा, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून किती वेळात जोड सुरू करायचा, हातातला टॉर्च, म्हणजे जिच्या तोंडातून प्रकाश आणि गॅस निघतो ती मूठ, किती कलवायचा, जोडात वितळवून भरायची फिलरची काडी कुठे टेकवायची. त्याला हे सगळं येत होतं, तरी त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला की पायडल मधेच पडतंय असं वाटतं.

आता हे पायडल म्हणजे काय, तर मशीनच्या टेबलाखाली पायाशी असतं. जितकं दाबाल तितका करंट जास्त. जोड संपवताना पाय हळूहळू उचलायचा, म्हणजे करंट कमी कमी होत जातो आणि वितळलेला धातू शांतपणे थंड होतो. तो मधेच पडतंय म्हणाला आणि ही भडकली. अकरा वर्षं त्याच पायडलावर पाय ठेवून बसलेल्या बाईला हा तीन आठवड्यांचा पाहुणा पायडल शिकवतोय. तिने त्याला वडिलांची म्हण ऐकवली, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

अठरा टाक्या नापास होऊन मागे पडल्या तेव्हा टाक्या घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. जाड भिंगांचा, हातात वही. त्याने सरळ विचारलं की दोष मशीनचा आहे की माणसाचा. मालकाच्या हातात मशीन सुस्थितीत असल्याचा कागद होता, त्याच महिन्यात स्वतः सही केलेला. पण कागदापेक्षा माणूस बरा, म्हणून त्याने ठिणगीला पुढे बोलावलं. ताई, तुम्हीच सांगा. बसवालेही तिथेच उभा होता.

ती म्हणाली, "मशीनला काही धाड भरलेली नाही. हात लागतो."

झालं. त्या एका वाक्यावर माणूस गेला. नुसती नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण मालकाने कागद दिला: कौशल्य अपुरे. जो कारखाना कामाला घेईल तो आधीच्या ठिकाणचा कागद मागणार, आणि असा कागद बघून बावन्न वर्षांच्या वेल्डरला दारातही कोणी उभं करणार नाही. सत्तावीस वर्षांची अब्रू दोन शब्दांत धुऊन टाकली. जाताना बसवाले तिच्या टेबलापाशी थांबला. म्हणाला, "ताई, कधी खाली वाकून बघितलंय का?" तिने हेल्मेट खाली ओढलं आणि पुढची कडी जोडायला घेतली.

दहा दिवसांनी बाजारात एका उघड्या गटाराच्या फरशीवर तिचा उजवा पाय मुरगळला. घोटा सुजून एवढा झाला. डॉक्टरने पट्टी बांधून दोन आठवडे घरी बसा म्हणून सांगितलं. घरी बसेल ती ठिणगी कसली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत हजर. उजवा पाय स्टुलावर ठेवला, पायडल सरकवून डाव्या पायाखाली घेतलं. पाय तो पाय, त्यात काय एवढं.

पहिल्या टाकीला बुडबुडा आला. तिचा विश्वास बसेना. तपासणाऱ्यालाच तिने आंधळा ठरवलं, साबणाचं पाणी बदलायला लावलं. दुसऱ्या टाकीला आला. तिने आरगॉनचा सिलिंडर बदलला. तिसरीला आला. टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची सळई बदलली, घासून नवं टोक काढलं. ब्रशला कोणी हात लावला म्हणून अख्ख्या शेडची हजेरी घेतली, चार निरपराध माणसं बोलणी खाऊन गेली. संध्याकाळपर्यंत सहा टाक्या, सहाही नापास. बुडबुडा कुठे, तर जोड संपतो तिथे. टाचणीएवढी भेग, भोवती काळं. आणि शेजारी ठोकलेला नऊ.

घरी आली ती धुमसतच. भांडी आपटली, नवऱ्याने काय झालं विचारलं तर त्यालाच चार शब्द ऐकवले. सासूबाई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवल्या होत्या, आणि सून तोंडाची किती फटकळ असली तरी तिच्या कामाबद्दल त्यांना फार कौतुक होतं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, शेवटी तू पायाने काय करतेस? काही नाही, ती म्हणाली, उचलते. सासूबाई म्हणाल्या, डाव्याने उचलतेस, पण उजव्याने काय करायचीस? तेच, उचलायची.

तेवढ्यात नवरा पलीकडून बोलला. चार शब्द खाल्ले होते, त्यामुळे त्याच्या आवाजात थोडी मजाही होती. म्हणाला, "उचलत नाहीस. झोपेत लाथा मारतेस मला. रोज तीन. टक, टक, टक. अकरा वर्षं खातोय."

ती जेवली नाही. सासूबाईंच्या शिलाई मशीनपाशी स्टुलावर बसली, डोळे मिटले, हातात टॉर्च आहे असं धरून मनातल्या मनात गोल जोड फिरवत आणला आणि पट्टी बांधलेला उजवा पाय जमिनीवर सोडून दिला. जोड संपला. पाय आपोआप तीनदा वाजला. दुखलं म्हणून कळलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी ती शेडमध्ये गेली. टॉर्च खुंटीला टांगला, मशीन चालू केलं आणि सुजलेला पाय ओढत टेबलाखाली आडवी झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पायडल हाताने दाबलं आणि हळूहळू सोडायला लागली. मशीनची घरघर उतरत आली, उतरत आली, आणि निम्म्यावर एकदम गप्प. आरगॉनची फुसफुसही त्याच क्षणी बंद. खरं म्हणजे करंट शेवटपर्यंत हळूहळू उतरायला हवा आणि तो थांबल्यावरही गॅस चार सेकंद वाहत राहायला हवा, तापलेल्या धातूवर पांघरूण घालून. इथे दोन्ही एका झटक्यात जात होतं. शेवटचा थेंब उघडा पडून तडकत होता. आणि हिचा पाय काय करत होता, तर ते मेलेलं पायडल तीनदा टकटक करून तीनदा जिवंत करत होता. प्रत्येक टकटकीला क्षणभर करंट, क्षणभर गॅस, थेंब टप्प्याटप्प्याने थंड. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कधी सुरू झालं तेही तिला माहीत नव्हतं. तिने बसवाल्याला टेबलावरचं सगळं शिकवलं आणि टेबलाखालचं शिकवलं नाही, कारण तिचं तिलाच ते ठाऊक नव्हतं.

तिथेच पडल्या पडल्या तिला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. पायडलाचा, मालकाचा, वडिलांच्या म्हणीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. अंगण वाकडंच होतं की. ती अकरा वर्षं वाकड्या अंगणात नाचत आली होती, आणि ज्याचा पाय अडखळला त्याला तिने हसून बाहेर काढलं होतं.

मालक आल्या आल्या तिने त्याला टेबलापाशी आणलं. आधी डाव्या पायाने जोड करून दाखवला: भेग. मग दात ओठ खात पट्टीच्या उजव्या पायाने केला, शेवटी टक, टक, टक: साफ. मालक खाली वाकून बघत होता. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ती म्हणाली, पायडल बदला, गॅसची झडप बदला आणि बसवाल्याला परत बोलवा.

मालक म्हणाला, "कशाला? तुम्ही हे टक टक टक सगळ्यांना शिकवा की. काम झालं."

ऐकलंत? इतकं दाखवून माणसाच्या डोक्यात हे शिरलं. तिने कागदाचं विचारलं. तर म्हणे कागद कसा बदलणार. कंपनीने कोणाची तरी चूक मागितली होती, आणि मशीन ठीक असल्याची सही तर त्याच महिन्यात आपण केलेली. सही फिरवली तर कंपनी आपल्यालाच धरेल. आणि ताई, एवढं का तापताय, साऱ्यांसमोर तुम्हीच तर बोललात. हे शेवटचं तो हसत हसत म्हणाला. 

उत्तर तिने दुसऱ्या दिवसापासून द्यायला घेतलं. उजवा पाय स्टुलावर, डावा पायडलावर. ब्रश नेहमीसारखा, हात नेहमीसारखा, आणि शेवटी पाय सरळ उचलायचा, कोणतंही पुस्तक सांगतं तसा. टाकी नापास. शेजारी नऊ ठोकायचा, अगदी नीट, सरळ, खोल. पुढची घ्यायची. तुम्हाला वाटेल मजा वाटत असेल. कसली मजा. रोज घरी जाताना तिला आपण अंगावरचे कपडे फाडून रस्त्यात फिरतोय असं वाटायचं. ज्या नंबराला कधी डाग लागला नव्हता तो ती स्वतःच्या हाताने डागाशेजारी ठोकत होती. दोन आठवड्यांनी पट्टी सुटली, घोटा बरा झाला, तरी पाय स्टुलावरून खाली आला नाही. मालकाने समजावलं, ओरडला, काढून टाकतो म्हणाला. तिने सांगितलं, काढा, आणि माझ्याही कागदावर तेच दोन शब्द लिहा. आता नऊ नंबरला काढायचं तर कडी जोडायला दुसरं होतं कोण? दुसरी पाळी केव्हाची बंद पडली होती. नापास टाक्यांची रांग शेडच्या दारापर्यंत गेली. एकही फाटकाबाहेर पडली नाही, त्यामुळे ट्रक उभे राहिले आणि तपासनीस पुन्हा आला.

त्याने पहिल्या टाकीवरचा नंबर वाचला आणि वही खाली केली. नऊ? या बाईंच्या टाक्या तर मी न तपासता सोडायचो, असं तो बोलून गेला. मालक काही सांगायला पुढे झाला. ठिणगीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "पायडल खराब आहे. माझ्या पायाला त्याची सवय झाली होती, मला ते माहीत नव्हतं. चौदा नंबरचा हात माझ्याहून चांगला आहे. त्याच्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते माझ्या शब्दावर लिहिलंय."

शेडमध्ये सगळी कामं थांबली होती. तपासनीस चष्मा सावरत टेबलाखाली वाकला, हाताने पायडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, सोडलं. उठून त्याने पँटचे गुडघे झटकले आणि मालकाला एवढंच म्हणाला की हे दुरुस्त होईपर्यंत तुमची एकही टाकी आम्ही घेणार नाही, आणि तुमचा तो सहीचा कागद जरा मला द्या.

मिस्तरी त्याच दुपारी आला. पायडलाच्या आतला झिजलेला भाग काढला तो मुठीत मावेल एवढा. गॅसची झडप बदलली. चाळीस मिनिटं लागली. ठिणगीने भिंतीवरच्या घड्याळात मोजली होती. अकरा वर्षं आणि चाळीस मिनिटं. त्या मिस्तरीची काय चूक, पण तो हत्यारं आवरून निघाला तेव्हा त्यालाही तिने धड निरोप दिला नाही.

बसवाल्याला निरोप गेला. तो दुसऱ्या दिवशी आला, धुतलेला शर्ट घालून, हातमोजे घरून घेऊन. मधल्या दीड महिन्यात गालफडं बसली होती. सरळ टेबलापाशी बसला, ब्रश मागितला. ठिणगीने स्वतः उचलून हातात दिला. त्याने कडी लावली आणि जोड फिरवत आणला. शेवटी पाय इतका हळू उचलला की करंट कधी संपला ते कळलं नाही, आणि चार सेकंद टॉर्च तिथेच धरून ठेवला. साबणाचं पाणी फिरलं. काहीच नाही. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे बोटाला सापडेना. त्याच्यानंतर ठिणगी बसली. दुरुस्त झालेल्या पायडलावर तिच्या पायाने नेमके तीन ठोके दिले आणि जोडाच्या शेवटी ही एवढी गाठ आली. तिने आपल्याच पायाला अशी शिवी हासडली की तपासणारा खोकत बाहेर गेला. बसवाले म्हणाला, हळू सोडा ताई, ते आता पडणार नाही.

मालक मागे उभा होता. त्याने बसवाल्याच्या जोडावरून बोट फिरवलं आणि खुशीत म्हणाला, "बघा, जमलं की आता यांना."

ठिणगी वळली, पण त्याआधीच बसवाले उठला होता. त्याने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले आणि आपला कागद मागितला. मालकाने नवा दिला: कौशल्य उत्तम. उद्यापासून या म्हणाला. बसवाल्याने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि येतो म्हणाला की नाही म्हणाला ते कोणालाच कळलं नाही. ठिणगी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिला माफी मागायची होती आणि ते काम तिला येत नव्हतं. ती म्हणाली, "आता तरी नीट झालं ना सगळं?"

तो थांबला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "दीड महिना बायको विचारते, तुमच्या हाताला काय झालं. सत्तावीस वर्षं ऐकत आली ती, माझा हात चांगला. आता कागद दाखवतो. पण ती म्हणेल, दया येऊन लिहून दिला असेल. चाळीत सगळ्यांना तेच वाटतंय. काय करू या कागदाचं?"

ती पाळी अर्धी टाकून त्याच्याबरोबर निघाली. मालक मागून हाक मारत राहिला.  अरुंद जिना, दुसरा मजला, दारांच्या रांगा, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. दार त्याच्या बायकोने उघडलं. हात कणकेचे, केसांत पांढरं, नवऱ्याहून उंच बाई. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग या वेल्डरच्या कपड्यांतल्या बाईकडे.

"म्हणजे तुमच्यामुळे," ती म्हणाली.

"हो," ठिणगी म्हणाली. "माझ्यामुळे."

बायकोने आत या म्हटलं नाही. दारही लावलं नाही. तेव्हा ठिणगी तिथेच उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पहिल्यापासून सांगायला लागली: पायडल, गॅस, आपण काय बोललो, कोणासमोर बोललो, आणि ते कसं खोटं होतं. शेजारची दारं एकेक करून उघडली, वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकली. बसवाले हळूच म्हणाला, ताई, जरा हळू बोला. तिने आवाज आणखी चढवला.